त्रिकोणाचे तुकडे चार, चौरस तयार!

उरलेल्या कापडात ब्लाऊज बेतायचा असेल तर कात्री हातात घेण्याआधी दहादा विचार करावा लागतो. एकदा कापले की कापले! कमीत कमी कापून हवे ते साधायचे, या कसोटीवर रचलेले एक कोडे गणितज्ञांना तब्बल १२२ वर्षे सतावत होते.

हे कोडे इंग्लंडच्या हेन्री ड्युडनी यांचे. १८५७ साली जन्मलेल्या ड्युडनींनी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते. तेराव्या वर्षीच ते सरकारी कचेरीत कारकून झाले. गणित शिकले ते स्वतःच्या बळावर. १९०२ मध्ये एका साप्ताहिकातील आपल्या सदरात त्यांनी विचारले, तिन्ही बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाचे कमीत कमी किती तुकडे केले तर ते जोडून चौरस होईल? उत्तर होते चार. १९०५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी पितळी बिजागऱ्यांनी जोडलेले महॉगनी लाकडाचे चार तुकडे दाखवले. एका बाजूला फिरवले की त्रिकोण, दुसऱ्या बाजूला फिरवले की चौरस! १९०७ च्या 'कँटरबरी पझल्स' या पुस्तकात हेच कोडे त्यांनी एका कापड-दुकानदाराच्या तोंडी घातले.

घरी करून पाहा

पुठ्ठ्यावर २० सें.मी. बाजूचा त्रिकोण काढा. वरचे टोक 'अ', पायाची टोके 'ब' आणि 'क'. 'अब' बाजूचा मध्य 'म', 'अक' बाजूचा मध्य 'न'. पायावर 'ब'पासून ५.१ सें.मी. अंतरावर 'प' आणि 'क'पासून ४.९ सें.मी. अंतरावर 'फ' अशा खुणा करा. 'न'पासून 'प'पर्यंत सरळ रेघ ओढा. मग 'म' आणि 'फ' येथून या रेघेपर्यंत काटकोनात एकेक रेघ आणा. या तिन्ही रेघांवर कापले की तीन चौकोनी तुकडे आणि एक छोटा त्रिकोण मिळेल. 'म', 'न' आणि 'फ' हे कोपरे चिकटपट्टीने जोडलेले ठेवून तुकडे फिरवा. सुमारे १३.२ सें.मी. बाजूचा चौरस तयार होईल.

तीन तुकड्यांत का नाही?

सारख्या क्षेत्रफळाच्या, सरळ बाजूंच्या कोणत्याही दोन आकृती कापून एकमेकींत बदलता येतात, हे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाले होते. पण कमीत कमी तुकडे किती, हे ठरवणे महाकठीण. तीन तुकडे कुणालाच जमले नव्हते. पण जमले नाही म्हणजे जमणारच नाही, असे गणितात म्हणता येत नाही. कापण्याच्या तऱ्हा अगणित!

अखेर डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीचे एरिक डिमेन आणि जपानमधील तोनान कामाता व र्युहेई उएहारा यांनी उत्तर मांडले. तुकड्यांच्या कडा आणि कोपरे कसे जुळू शकतील, याच्या सर्व शक्यता गटवार तपासून त्यांनी दाखवले, की तुकडे सरळ कडांचे असतील आणि उलटे करायचे नसतील, तर तिनांत चौरस होऊच शकत नाही.

सुट्टीत मुलांच्या हाती हे चार तुकडे जरूर द्या. पाचवा लागत नाही आणि तिनांत भागत नाही!