परगावच्या सामन्याला

शनिवार, ८ जानेवारी २००५ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील एक्सेटर या गावातून आणि आसपासच्या मुलखातून सुमारे नऊ हजार माणसे मँचेस्टरला गेली. अंतर चारशे किलोमीटरांच्या जवळपास. कोणी भाड्याच्या बसने गेले, कोणी आगगाडीने, कोणी चौघांत पेट्रोलचा खर्च वाटून घेऊन. दिवस ऐन थंडीचे. आणि जायचे कशासाठी, तर आपल्या गावचा फुटबॉलचा संघ मँचेस्टर युनायटेडकडून हरताना पाहण्यासाठी! कारण आज आपण जिंकणार असे शपथेवर सांगणारे त्या नऊ हजारांत फारच थोडे निघाले असते.

हा काय वेडेपणा, असे कोणी म्हणेल. आम्हीही प्रथम तसेच म्हटले होते. पण आमचे आयुष्य माणसे गोळा करण्यात गेले. गेटसभेला शंभर माणसे थांबवायची तर काय यातायात पडते ते आम्हांस ठाऊक आहे. तेव्हा नऊ हजार माणसे स्वखर्चाने, पराभव जवळजवळ ठरलेला असताना, इतक्या लांब जातात त्याअर्थी त्यामागे काही हिशेब असला पाहिजे असे आमच्या मनाने घेतले. तो हिशेब जसा उलगडत गेला तसा येथे मांडीत आहो.

इंग्लंडातील फुटबॉलची रचना आधी थोडी समजून घेतली पाहिजे. तेथे दोन निराळ्या गोष्टी आहेत : लीग आणि चषक. लीग ही उतरंड आहे. १८८८ साली बारा क्लबांनी ती सुरू केली. आज तिच्या वरच्या चार थरांत मिळून ९२ क्लब आहेत. त्यांच्या खाली जे शेकडो क्लब आहेत त्यांना ‘लीगबाहेरचे’ म्हणतात. वास्तविक त्यांच्याही आपापल्या लीगा आहेत, तेव्हा नाव तसे फसवेच. पण गिरणीतला बदली कामगारही कामच करतो, तरी कायमच्या यादीत त्याचे नाव नसते, तसा हा प्रकार समजावा. या क्लबांतले पुष्कळ खेळाडू आठवडाभर दुसरी नोकरी करतात आणि संध्याकाळी सराव करतात.

चषकाची गोष्ट वेगळी. ही स्पर्धा १८७१ साली सुरू झाली, म्हणजे लीगहून सतरा वर्षांनी थोरली. तिच्यात थर नाहीत. लहान क्लब पात्रता फेऱ्यांतून वर चढत येतात, आणि जानेवारीतल्या तिसऱ्या फेरीत सर्वांत बडे क्लब उतरतात. कोणाची गाठ कोणाशी पडायची हे क्रमांकाचे चेंडू काढून ठरते. त्यात मोठा-लहान असा भेद नाही, आणि सामना कोणाच्या मैदानावर व्हायचा तेही नशिबानेच ठरते. मग कधी सॉमरसेटमधल्या योव्हिलसारख्या हातमोजे शिवणाऱ्यांच्या गावाकडे सर्वांत वरच्या थरातला सुंदरलंडचा संघ येतो आणि २–१ असा हरून जातो. हे २९ जानेवारी १९४९ रोजी घडले. पुढल्याच फेरीत योव्हिलकर मँचेस्टरला गेले आणि ८१,५६५ प्रेक्षकांसमोर आठ गोल खाऊन परतले, एकही न करता. त्या गावात दोन्ही सामने सारख्याच अभिमानाने सांगितले जातात म्हणे, आणि आम्हांस त्यात नवल वाटत नाही.

आता शनिवार का? हा प्रश्न फुटबॉलच्या पुस्तकांत थोडक्यात उरकलेला असतो. आमच्या मते सगळ्याचे मूळ तेथे आहे. १८५० च्या इंग्लंडातील कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रियांचे आणि अल्पवयीन मुलांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबवावे असे ठरले. स्त्रिया आणि पोरे घरी गेल्यावर गिरणी चालायची कशी? तेव्हा पुरुषांचेही काम हळूहळू थांबले. ही अर्धी सुट्टी मालकांच्या दयेने मिळालेली नाही; तिच्यामागे दहा तासांच्या दिवसाची दीर्घ चळवळ होती. दोनला भोंगा, घरी जाऊन दोन घास, आणि तीनला सामना, हे वेळापत्रक त्यातून जुळले. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. ज्याला सुट्टी नाही त्याला खेळ नाही आणि पाठीराखेपणही नाही, एवढे तरी यावरून ध्यानात यावे.

१८८३ साली लँकेशायरच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने लंडनला जाऊन चषक जिंकला. संघात विणकर होते, इतर हातकाम करणारे होते. प्रतिपक्षी होता ईटन या श्रीमंतांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा. दुसऱ्या वर्षी त्याच गावचा दुसरा संघ अंतिम सामन्याला गेला, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या गिरणी कामगारांच्या कपड्यांची आणि बोलीची एका लंडनच्या पत्राने यथेच्छ टिंगल केली. परगावी जाणाऱ्या पाठीराख्याकडे रानटी टोळी म्हणून पाहण्याची ही खोड तेव्हापासूनची. तिचा अतिशय कडू शेवट १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झाला. चषकाच्या उपांत्य सामन्याला लिव्हरपूलहून आलेली माणसे चेंगरली आणि त्यात एकूण ९७ जण मेले. दोष त्यांच्याच माथी मारण्यात आला. पाठीराख्यांच्या वागण्याचा त्यात दोष नव्हता, आणि माणसांचे मृत्यू बेकायदा होते, हे ज्यूरीने सांगायला २०१६ साल उजाडले. सत्तावीस वर्षे त्या कुटुंबांनी प्रकरण मिटू दिले नाही.

आता पैशाकडे वळू. कारण एक्सेटरच्या नऊ हजारांचा हिशेब त्याशिवाय कळायचा नाही.

लीगच्या सामन्यात तिकिटांचे सारे उत्पन्न यजमान क्लब ठेवतो. पूर्वी पाहुण्यांना थोडा हिस्सा मिळे. तो रिवाज १९८३ साली मोडला. ज्याचे घर मोठे त्याचीच मिळकत मोठी, असा तो कायदा. चषकात मात्र जुनी रीत अजून टिकून आहे : खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न मुख्यतः दोन्ही संघांनी समसमान वाटून घ्यायचे. आणखी एक नियम असा की मैदानाच्या क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंत जागा पाहुण्यांना मागता येतात. हे दोन नियम एकत्र ठेवून पाहावे. एक्सेटरच्या स्वतःच्या मैदानावर नेहमी तीन-साडेतीन हजार माणसे येत. मँचेस्टरच्या मैदानावर त्या दिवशी ६७,५५१ आली. त्या साऱ्यांच्या तिकिटांत लहान क्लबाचाही वाटा होता! पगार वाढवून मिळत नसेल तर निदान वर्षाचा बोनस बरा मिळावा, तशातली ही गोष्ट.

आणि एक्सेटरला त्या पैशाची गरज होती. किती होती ते सांगितले पाहिजे.

एक्सेटर सिटी हा जुना क्लब. १९१४ साली तो दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला होता, आणि ब्राझीलचा राष्ट्रीय संघ आपला पहिला सामना याच एक्सेटरविरुद्ध रिओ येथे खेळला. १९२० साली क्लब लीगमध्ये आला आणि २००३ साली खाली घसरून बाहेर पडला. शेवटच्या वर्षी क्लब ज्यांच्या हाती होता त्यांनी गाजावाजा पुष्कळ केला. मायकेल जॅक्सन या गायकालाही २००२ साली मैदानावर आणून मिरवले होते. मागे राहिले ते कर्ज, लाखो पौंडांचे. त्या कारभाऱ्यांपैकी दोघांना पुढे न्यायालयाने लबाडीबद्दल दोषी ठरवले.

अशा वेळी क्लब बंद पडतो, मैदान विकले जाते, तेथे घरे उठतात. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे ज्यांनी पाहिले त्यांना हे समजावून सांगायला नको. एक्सेटरला तसे झाले नाही, कारण पाठीराख्यांनी २००० सालीच आपला एक ट्रस्ट उभारला होता. नाव ट्रस्ट, पण घडण सहकारी संस्थेची : सभासदाने थोडीशी वर्गणी द्यायची, आणि प्रत्येकाला एकच मत, मग तो कितीही देवो. २००३ साली या ट्रस्टने क्लब ताब्यात घेतला. पावतीपुस्तक घेऊन वर्गणी जमवायची, सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाऊन फुकट राबायचे, ज्यांचे येणे थकले आहे त्यांच्यासमोर हात जोडून तडजोडीचे हप्ते ठरवायचे. यात गंमत काही नाही. संप मिटल्यानंतरच्या महिन्यांसारखे ते काम आहे. त्याला ना फोटो ना बातमी.

अशा स्थितीत २००४-०५ च्या स्पर्धेत लीगमधल्या दोन क्लबांना घरच्या मैदानावर हरवून एक्सेटर तिसऱ्या फेरीत पोचले, आणि चेंडू काढताना नाव निघाले मँचेस्टर युनायटेडचे. तेही त्यांच्या मैदानावर.

त्या नऊ हजारांत मग कोण होते? नेहमीचे तीन हजार तर होतेच. उरलेले केवळ त्या दिवसापुरते आलेले. अशा माणसांना नेहमीचे पाठीराखे नाके मुरडतात. पावसाळी मंगळवारी संघ हरत होता तेव्हा तुम्ही कोठे होता, असे विचारतात. मागणी मान्य झाल्यावर विजयसभेत पहिल्या रांगेत बसणारे आम्हीही पाहिले आहेत, आणि आम्हीही नाके मुरडली आहेत. परंतु वय वाढल्यावर आमचे मत बदलले. त्या दिवसापुरत्या आलेल्या माणसाच्या तिकिटाचे पैसे तेवढेच खरे असतात, आणि त्याच्याबरोबर आलेले दहा वर्षांचे पोर पुढे तीस वर्षे येत राहील की नाही ते आज कोणी सांगावे?

सामना ०–० असा बरोबरीत सुटला. मँचेस्टरने बराचसा नवखा संघ उतरवला होता हे खरे. पण उत्तरार्धात स्कोल्स आणि रोनाल्डो यांना मैदानात आणावे लागले हेही खरे. तरी गोल झाला नाही. मँचेस्टरच्या पाठीराख्यांसाठी तो एक कंटाळवाणा शनिवार होता. एका बाजूच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांत बसलेल्या लोकांना मात्र काय झाले ते कळायलाच वेळ लागला असेल. प्रेक्षकांत सातांत एक एक्सेटरचा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे सामने पाहिलेल्यांना पाठीराख्याचा घसा काय करू शकतो ते ठाऊक आहे. पण तेथे घरून मैदानावर चालत जाता येते, आणि हरले तरी वाट ओळखीची असते. परक्या गावात सहापट लोकांपुढे ओरडत राहायला निराळी छाती लागते.

बरोबरी म्हणजे फेरसामना, आणि फेरसामना पाहुण्यांच्या घरी. १९ जानेवारीच्या रात्री मँचेस्टर युनायटेड एक्सेटरला आले. नऊ हजारांवर प्रेक्षक, मैदान गच्च. या वेळी रोनाल्डो आणि रूनी यांनी एकेक गोल केला आणि एक्सेटर ०–२ हरले. मँचेस्टरच्या सामन्यातून क्लबाला साडेसहा लाख पौंडांच्या घरात रक्कम मिळाली, शिवाय घरच्या सामन्याची वेगळी. त्या पैशाच्या बळावर तडजोडीची देणी त्याच वर्षी फेडून टाकता आली. २००८ साली क्लब लीगमध्ये परतला. मालकी आजही पाठीराख्यांच्या ट्रस्टकडेच आहे.

तेव्हा मँचेस्टरला गेलेला माणूस नुसता तमाशबीन नव्हता. तो आपल्याच संस्थेचा सभासद म्हणून गेला होता आणि तिकिटाच्या रूपाने तिचे कर्ज फेडीत होता. हे त्याला आकड्यांनिशी ठाऊक असो वा नसो.

ही वाट त्यानंतर बंद झाली असे नाही. २०१७ साली लीगबाहेरचा लिंकन सिटी उपांत्यपूर्व फेरीत गेला (असे १९१४ नंतर प्रथमच घडले) तेव्हा लंडनला आर्सेनलच्या मैदानावर सुमारे नऊ हजार लिंकनकर होते. पाच गोलांनी हरले. जानेवारी २०२४ मध्ये सहाव्या थरातल्या मेडस्टोन युनायटेडने इप्सविचला त्यांच्याच मैदानावर २–१ हरवले, आणि तो सामना पाहायला मेडस्टोनच्या स्वतःच्या मैदानात मावली नसती इतकी माणसे गेली होती.

मात्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये एक निर्णय जाहीर झाला. फुटबॉल असोसिएशन आणि बड्या क्लबांची प्रीमियर लीग यांच्यात करार झाला, आणि २०२४-२५ पासून मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासून पुढे फेरसामने रद्द करण्यात आले. कारण असे देण्यात आले की बड्या क्लबांचे वेळापत्रक फार भरगच्च झाले आहे, खेळाडू थकतात. खेळाडू थकतात हे आम्ही नाकारीत नाही. कामाचे तास हा आमचा जुना विषय आहे. पण त्याच क्लबांचे युरोपातले सामने वाढले त्यांत कोणाचा थकवा आड आला नाही. आपल्याला विचारलेच नाही, अशी तक्रार खालच्या लीगांनी आणि कितीतरी लहान क्लबांनी उघडपणे केली. दोघांनी बंद खोलीत करार करायचा आणि तिसऱ्याने तो वर्तमानपत्रात वाचायचा, ही पद्धत आमच्या चांगली परिचयाची आहे.

आजच्या नियमाने तो ०–० चा सामना त्याच संध्याकाळी जादा वेळेत गेला असता, मग पेनल्टी किकांवर. कोणी तरी जिंकले असते. नऊ हजार माणसे रात्री बसमध्ये बसून दक्षिणेकडे निघाली असती, आणि १९ जानेवारीला एक्सेटरचे मैदान रिकामे राहिले असते.