प्रत्यारोपणानंतर ल्युकेमिया उलटला, तर?

‘आईच्या पेशी बाधल्या.’ बोनमॅरो प्रत्यारोपणानंतर मुलाचा ल्युकेमिया उलटला की घरात असा ठपका सहज ठेवला जातो, आणि दाता झालेली आई किंवा धाकटं भावंड तो मनात बाळगून राहतात. हा शुद्ध अन्याय आहे. परतलेला आजार जवळजवळ नेहमी मुलाच्याच जुन्या कॅन्सरपेशींचा असतो. केमो आणि रेडिएशनमधून काही पेशी तगून राहिलेल्या असतात. दात्याच्या पेशींतून ल्युकेमिया होणं अत्यंत विरळ. उलट दात्याच्या टी-पेशी या उरलेल्या पेशींना शोधून मारत असतात. कधी कॅन्सर त्यांनाही चकवतो: अर्ध्या मॅचच्या प्रत्यारोपणात तो आपल्या न जुळणाऱ्या एचएलए खुणाच गाळून टाकतो, मग त्या टी-पेशींना तो परका वाटत नाही. अशा वेळी डॉक्टर दाता बदलायला सांगतात. पहिल्या दात्याचा त्यात काहीही दोष नसतो.

‘आता उपायच उरला नाही’ हेही खरं नाही, पण परिस्थिती बिकट असते हे लपवू नये. पहिल्या 6 महिन्यांत उलटलेला आजार फार अवघड. वर्षानंतर उलटला तर शरीर सावरलेलं असतं आणि दुसऱ्या प्रत्यारोपणाचा विचार करता येतो. दात्याच्या लिम्फोसाइट पुन्हा चढवण्याचा उपाय आहे, मात्र लिम्फोब्लास्टिक प्रकारात एकट्या त्याचा उपयोग मर्यादित. बी-पेशींच्या आजारात ब्लिनाटुमोमॅब हे औषध एका आवर्तनात 28 दिवस, रात्रंदिवस, पंपाने देतात.

कार-टी उपचाराला नवा दाता लागतो, असं अनेकांना वाटतं. सहसा मुलाच्याच रक्तातून टी-पेशी काढून बदलतात. प्रत्यारोपणानंतर त्या मुळात दात्याच्याच असतात. 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार-टीच्या अभ्यासात 75 मुलं-तरुणांपैकी 81 टक्क्यांचा आजार 3 महिन्यांत आटोक्यात आला. या 75पैकी निम्म्याहून अधिकांचं प्रत्यारोपण आधीच झालं होतं. पण आटोक्यात येणं म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे. बदललेल्या टी-पेशी कॅन्सरपेशींना सीडी19 या खुणेवरून ओळखतात; काहींच्या कॅन्सरपेशी ती खूणच टाकून पुन्हा उभ्या राहतात.

टी-पेशींच्या ल्युकेमियात अडचण वेगळी: बदललेल्या टी-पेशी एकमेकींनाच मारू लागतात. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात मे 2022मध्ये 13 वर्षांच्या मुलीला, प्रत्यारोपणानंतर आजार उलटल्यावर, निरोगी दात्याच्या जनुक-संपादित पेशी दिल्या. 28 दिवसांनी आजार दिसेनासा झाला आणि दुसरं प्रत्यारोपण करता आलं.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार19 या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023मध्ये मान्यता मिळाली, ती 15 वर्षं व त्यापुढच्या रुग्णांसाठी. त्यामुळे लहान मुलासाठी चौकशी करताना वयाची अट आधी विचारा.

पॅलिएटिव्ह टीमला बोलावलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं समजू नका. वेदना आणि उलट्या उपचार चालू असतानाही आवरायच्याच असतात. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: आजार फक्त मज्जेत आहे की मेंदूच्या पाण्यात किंवा वृषणातही? सीडी19 आहे का? दात्याच्या पेशी किती टक्के उरल्यात? उत्तरं वहीत लिहून घ्या आणि दुसऱ्या केंद्राचं मतही घ्या.