संध्याकाळी पाच ते सहा

लंडन : २३ जानेवारी २०२३, सोमवार. ब्रिटनभर कडाक्याची थंडी होती. वारा पडल्यामुळे समुद्रातल्या पवनचक्क्या जेमतेम फिरत होत्या आणि साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळला होता. कार्यालयांतले दिवे अजून चालू आणि घरोघरी स्वयंपाकाला सुरुवात, म्हणजे विजेच्या मागणीचा ऐन कळस. नेमक्या त्या वेळी, पाच ते सहा या तासात, लाखो घरांनी आपण होऊन ओव्हन बंद ठेवला, कपडे धुणं पुढे ढकललं आणि एकाच खोलीत दिवा लावून ती मंडळी बसून राहिली.

सक्ती कुणी केली नव्हती. मोबाइलवर निरोप आला होता, की या तासात नेहमीपेक्षा कमी वीज वापरा. जितकी वाचवाल तितके गुण मिळतील. गुणांचे पुढे पैसे होतात. ऑक्टोपस एनर्जी या वीज कंपनीच्या हिशेबात आठशे गुणांचा एक पौंड. रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर गॅस भयंकर महागला होता, हिवाळ्यात वीज पुरेल की नाही याची धास्ती होती. म्हणून तेव्हा ग्रिड सांभाळणाऱ्या नॅशनल ग्रिड ईएसओने नोव्हेंबर २०२२ मध्ये ही योजना सुरू केली. तोवर नुसत्या चाचण्या झाल्या होत्या. त्या सोमवारी ती पहिल्यांदा खऱ्या गरजेपोटी वापरली गेली. हिवाळा संपेपर्यंत सोळा लाख घरं आणि व्यवसाय तिच्यात उतरले होते.

महाराष्ट्रातलं भारनियमन ज्यांनी सोसलं आहे, त्यांना यातलं वेगळेपण लगेच कळेल. आपल्याकडे वेळापत्रक लागायचं आणि वीज जायची. परीक्षा असो की पिकाला पाणी देण्याची पाळी. इथे ग्राहकाला आधी विचारलं गेलं. नाही म्हणायची मुभा होती, तरी इतक्या जणांनी हो म्हटलं. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

इंग्रज माणसाला वीज सगळे मिळून वापरण्याची ओळख जुनीच आहे. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीत हरला. सामना संपताच देशभरच्या लोकांनी उठून चहाची किटली लावली आणि मागणी एका झटक्यात सुमारे २,८०० मेगावॉटनी उसळली. इथली विजेची किटली तीन किलोवॉटपर्यंत वीज खाते, त्यामुळे लोकप्रिय मालिका संपण्याच्या वेळांवर ग्रिडवाल्यांची बारीक नजर असे. असे झटके झेलायला वेल्समध्ये डिनॉर्विग नावाचं जलविद्युत केंद्र आहे, चक्क डोंगराच्या पोटात. रात्री स्वस्त विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडायचं. यंत्रं फिरती ठेवलेली असतील तर काही सेकंदांत हजारभर मेगावॉट वीज हाताशी येते. जी मागणी आजवर डोंगर झेलत होता, तिचा थोडासा भार २०२२-२३ च्या हिवाळ्यात घरांनी उचलला.

आणि उचलला तो खेळत. आमच्या ओळखीच्या घरांत त्या तासाचे मुकादम म्हणजे मुलं. टीव्हीचा लाल ठिपका विझवायचा, वायफाय चालू ठेवायचं की नाही यावर भांडायचं, मेणबत्तीच्या उजेडात पत्ते मांडायचे, जेवण चारलाच उरकून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी गुण किती आले ते आधी मुलंच पाहत. तास ठरलेला, शेवट माहीत असलेला, आणि शेजारीही तेच करत आहेत याची खात्री. ‘वीज वाचवा’ ही पाटी वर्षानुवर्षं जे साधू शकली नाही, ते अशा एका तासाने साधलं.

पण गुण मोजायचे कसे, इथे खेळाची मेख आहे. मागच्या दहा कामाच्या दिवसांत त्याच वेळी तुम्ही सरासरी किती वीज वापरली ते पाहतात आणि त्याहून जितकी कमी, तितकी बचत धरतात. ग्रिडने कंपन्यांना चाचण्यांसाठी युनिटमागे किमान तीन पौंडांची हमी दिली होती. ग्राहकाला तेव्हा एक युनिट साधारण ३४ पेन्सला पडत होतं. म्हणजे वापरलेल्या विजेपेक्षा न वापरलेली वीज जवळपास नऊपट महाग. मोठं घर, टम्बल ड्रायर, विजेची गाडी असलेल्यांना एका तासात बरंच काही बंद करता येतं. एका दिव्यावर आणि ब्लँकेटवर हिवाळा काढणाऱ्या म्हातारीने बंद काय करायचं? तिची सरासरी मुळातच कमी, म्हणून तिला गुणही नाहीत. शिवाय खेळायला स्मार्ट मीटर लागतो आणि २०२२ च्या अखेरीस देशातले निम्म्याहून थोडेच अधिक मीटर स्मार्ट होते. ग्रिडचा हा खर्च शेवटी सगळ्यांच्याच बिलांतून वसूल होतो, तिच्याही.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, बिल थकलेल्या घरांत जबरदस्तीने प्रीपेड मीटर बसवले जात असल्याचं उघडकीला आलं. नियामक ऑफजेमला ते थांबवायला सांगावं लागलं. प्रीपेड मीटरमधले पैसे संपले की त्या मीटरवरची वीज किंवा गॅस बंद. एकाच देशात, एकाच हिवाळ्यात, काही जण अंधारात बसण्याचे पैसे मिळवत होते आणि काही जण पैसे नाहीत म्हणून अंधारात होते. मला हे सहज सोडून देता येत नाही.

गरीब घरांचा विचार करणारा एक खेळ इथे होऊन गेला आहे. युरोपीय संघाच्या पैशातून ‘एनर्जी कॅट’ नावाचा खेळ तयार झाला आणि प्लिमथ शहरातल्या स्वस्त भाड्याच्या सामाजिक घरांमध्ये तो दिला गेला. खेळणारा मांजर होतो आणि घरातल्या माणसांना बिल कमी करायला मदत करतो. घराच्या खऱ्या मीटरची नोंदही खेळाशी जोडलेली. बचत झाली, पण मोजकीच, आणि विजेपेक्षा गॅसमध्ये जास्त. त्याचं मला नवल वाटत नाही. ब्रिटनमधली दहापैकी आठांहून अधिक घरं गॅसच्या बॉयलरवर तापतात. भिंती जुन्या, फटींतून ऊब निघून जाते. मांजर फार तर थर्मोस्टॅट एक अंश खाली आणू शकतं. भिंतीत इन्सुलेशन भरायला सरकार आणि घरमालकच लागतात.

म्हणून खेळ सोडून द्यावा, असं मी अजिबात म्हणणार नाही. महाराष्ट्रातही आता स्मार्ट मीटर येत आहेत, त्यांच्याबद्दल राग आणि शंका दोन्ही आहेत, आणि लोकांना आधी विश्वासात घेतल्याने काय घडतं हे ब्रिटनकडून शिकण्यासारखं आहे. बदलायला हवी ती गुण देण्याची रीत. घरातल्या माणसांच्या संख्येनुसार त्या तासासाठी एक मर्यादा ठरवावी आणि तिच्या आत राहणाऱ्या प्रत्येक घराला सारखेच गुण द्यावेत. मग बाराही महिने काटकसरीने राहणाऱ्या म्हातारीलाही ते मिळतील. दर अर्ध्या तासाची नोंद स्मार्ट मीटर ठेवतोच. त्यासाठी नवं यंत्र घ्यावं लागणार नाही.