नळी ओढता येते ना? मग टर्की बोलेल
शिवारातले आवाज : भाग ८

गेल्या भागात तित्तराची जुनी शिकार पाहिली. पाळलेला नर पिंजऱ्यात घालून पहाटे बांधावर ठेवायचा, भोवती फासे मांडायचे. पिंजऱ्यातला बोलू लागला की त्या तुकड्यावर हक्क सांगणारा रानातला नर तावातावाने भांडायला येतो आणि पाय फाशात अडकवून घेतो. तो भाग वाचून ओतूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे की त्यांचा पुतण्या पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे, तिथल्या मित्रांबरोबर येत्या वसंतात टर्कीच्या शिकारीला जाणार आहे आणि ‘तुतारीसारखी तोंडाने वाजवायची नळी’ विकत घेतो म्हणतो. पहिलीच वेळ आहे, तर कोणती घ्यावी? या लेखमालेत अमेरिकेला जायचा विचार नव्हता, पण प्रश्न चांगला आहे.

आधी कायद्याचं बोलू, म्हणजे इकडे कुणाचा गैरसमज नको. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि हौशी शिकारीची परवान्याची उरलीसुरली वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदुकीचा बार नव्हे. पकडणं, फासे लावणं, आमिष दाखवणं, हाकारा घालणं आणि यांतल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं तिच्यात येतं. त्यामुळे जुन्नर-आंबेगावात तित्तर, लावरी किंवा रानकोंबडा धरण्यासाठी साद घालायचा प्रश्नच उरत नाही. पेनसिल्व्हेनियात मात्र टर्कीची शिकार परवाना काढून आणि हंगाम पाळून करता येते. नवख्याला त्याआधी शिकारीच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पुतण्याने ते आधी उरकावं, नळी नंतर.

आता पक्ष्याकडे वळू. तित्तर रागाने येतो, टर्कीचा नर वसंतात मादीच्या ओढीने येतो. शिकारी मादीचा आवाज काढतो. यात एक गंमत आहे. रानात सहसा नर एका जागी उभा राहून गरजतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. शिकारी झाडाला टेकून मादीसारखा बोलतो आणि नराने आपल्याकडे यावं असं मागतो, म्हणजे उलटी रीत. म्हणूनच नर पुष्कळदा दूर कुठेतरी थांबून नुसताच गरजत राहतो आणि ‘तूच ये’ म्हणतो. नवखा शिकारी अशा वेळी उतावीळ होऊन वाजवतच सुटतो, आणि तिथेच फसतो. मादी एवढी बडबड करत नाही.

आवाज काढायची साधनं बरीच आहेत. लाकडी डबीवर झाकण घासायचा बॉक्स कॉल आहे. पाटीच्या दगडाच्या चकतीवर काडी घासायचा पॉट कॉल आहे. टाळूला चिकटवून फुंकायचा पातळ पडदा आहे, त्याला डायफ्रॅम म्हणतात. या सगळ्यांत जुनी ती पंखाच्या हाडाची नळी. टर्कीच्याच पंखातली हाडं साफ करायची, टोकं कापायची आणि बारीक हाड जाड हाडात बसवून जोडायची. बारीक टोक ओठात, रुंद टोक बाहेर. चार्ल्स जॉर्डन नावाच्या जुन्या शिकाऱ्याचं टर्कीच्या शिकारीवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९१४ साली एडवर्ड मॅकिलहेनी यांनी छापलं. (टबॅस्को नावाचा मिरचीचा सॉस ज्या घराण्याचा, त्यातलेच हे.) आज ‘ट्रम्पेट कॉल’ म्हणून विकली जाते ती या हाडाच्या नळीचीच नात. हाडाच्या जागी लेथवर कातलेली लाकडाची किंवा अ‍ॅक्रिलिकची नळी आली, पुढचं टोक तुतारीसारखं उमललं आणि मागे धातूची, शिंगाची किंवा प्लॅस्टिकची बारीक तोंडनळी बसली.

दिसायला तुतारी असली तरी ही फुंकायची नाही. पपईच्या देठाची पिपाणी केलेला आपला माणूस इथे हमखास चुकतो. या नळीतून हवा आत ओढायची. मटणाच्या नळीतला मगज ओढताना ओठ जसे आवळतो आणि सुर्रकन आवाज येतो, अगदी तसं. आवळलेल्या ओठांच्या फटीतून हवा आत शिरते, ओठ थरथरतात आणि नळी तो आवाज मोठा करून बाहेर सोडते. म्हणजे खरं वाद्य आपले ओठ आहेत. निवडीचा सगळा मुद्दा या एका गोष्टीवर उभा आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या खरेदीत लाकडाकडे बघूच नये. विकणारे आफ्रिकन ब्लॅकवूडची तारीफ करतात. ते आपल्या शिसवाच्याच कुळातलं, जड आणि देखणं लाकूड आहे, नळी त्याची असली की हातात घेऊन मिरवावीशी वाटते. पण ज्याला अजून ओठ आवळता येत नाहीत, त्याच्या तोंडी शिसव आणि प्लॅस्टिक सारखंच किंचाळतं. बघायची ती तोंडनळी. तिची कड ओठाला टोचते का? ती इतकी जाड तर नाही ना, की ओठ ताणावे लागतील? तिच्यावर एक छोटं कडं असतं, ओठ किती आत जायचे ते ठरवणारं. नवख्यासाठी हे कडं फार महत्त्वाचं, कारण दर वेळी ओठ त्याच जागी टेकले तरच काल जमलेला आवाज आज जमतो. कडं मागेपुढे सरकवता येत असेल तर उत्तमच. ज्याचे ओठ जाड त्याने ते थोडं मागे घ्यावं.

कारखान्यात निघालेली साधी नळी थोडक्या डॉलरांत मिळते आणि नावाजलेल्या कारागिराची शेकडो डॉलरांवर जाते. पहिली साधीच घ्यावी. शक्य असेल तर दुकानात दोन-तीन नळ्या ओठाला लावून बघाव्यात आणि जी लवकर बोलते ती उचलावी. टपालाने मागवायची असेल तर तीच नळी वाजवल्याचं ध्वनिमुद्रण कारागिराकडून मागून घ्यावं. स्वतःची नळी वाजवून न दाखवणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही.

सराव एका आवाजापासून सुरू करावा, तुटक ‘टक्’. ओठांनी एकच झटका द्यायचा. तो स्वच्छ आला की मग मादीची हाक. ती दोन पदरी असते, वर चिरकी सुरू होते आणि लगेच खाली घोगरी पडते. वरून खाली पडताना जी मोड येते तिच्यातच तिचा जीव आहे. पुढच्या टोकाभोवती हाताची ओंजळ धरून ती उघडझाप केली की आवाज दूर जातो किंवा जवळ येतो. पण दोन्ही हात गुंततात, आणि टर्कीची नजर भयंकर तीक्ष्ण. पक्षी टप्प्यात आल्यावर हात हलला की खेळ संपला. म्हणून अनुभवी माणसं दूरच्या पक्ष्यासाठी नळी आणि जवळच्यासाठी तोंडातला पडदा, असं दोन्ही ठेवतात. पहिल्या वसंतात पुतण्याने खिशात एक बॉक्स कॉलही ठेवावा. तो कुणालाही वाजतो. फक्त पावसात भिजला की रुसतो, नळीला पावसाचं काही वाटत नाही.

कपड्यांचं सांगितलंच पाहिजे, कारण इथे जिवाशी गाठ आहे. १६१२ साली मुकर्रब खान या दरबाऱ्याने गोव्याच्या बंदरातून जहांगीर बादशहासाठी टर्की आणली. मन्सूर या चित्रकाराने तिचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या पक्ष्याच्या डोक्या-मानेचा रंग कसा लाल, पांढरा, निळा असा पालटत राहतो, ते बादशहाने आपल्या आठवणींत बारकाईने नोंदवलं आहे. नेमके हेच तीन रंग अंगावर नकोत, असं आज अमेरिकेत शिकणाऱ्याला बजावतात. झुडपाआड मादीसारखा आवाज आणि त्यात लाल-पांढऱ्या रुमालाची हालचाल, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी ओढवून घेणं. बसायचं ते आपल्या खांद्यांहून रुंद खोडाला पाठ लावून. आणि दुसरीकडून मादीचा आवाज आला तर त्याच्या रोखाने दबकत जायचं नाही, तिथे माणूसच असेल असं धरून चालायचं.

आपल्या भागाशी नातं सांगणारी एक गोष्ट राहिली. टर्की आणि मोर एकाच कुळातले. ढग गडगडला किंवा फटाका वाजला की मोर केकाटतो, हे पलीकडे शिरूरच्या मोराची चिंचोलीला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. टर्कीचा नरही मोठ्या आवाजाने बिथरून गरजतो आणि आपली जागा सांगून टाकतो. म्हणून तिथले शिकारी घुबडाच्या घुमण्याची, कावळ्याच्या ओरडण्याची आणि चक्क मोराच्या केकेची नक्कल करणाऱ्या शिट्ट्या विकत घेतात.

पुतण्या सुट्टीत नळी घेऊन गावी आला तर ओसरीवर खुशाल वाजवावी. कायद्याची हरकत नाही, शेजाऱ्यांची असू शकेल. डिंभ्याच्या वर भीमाशंकरच्या रानात मात्र ती नेऊ नये. ते १९८५ पासून अभयारण्य आहे आणि अभयारण्यात वन्यप्राण्यांना डिवचायला कायद्याने बंदी आहे. फोटोसाठी मोबाइलवर पक्ष्याचाच आवाज पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या हौशी मंडळींनाही माझं तेच सांगणं आहे. विणीच्या दिवसांत नर घरटं सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावत राहतो, खाणंपिणं टाकतो. तित्तराच्या पिंजऱ्यात आणि या स्पीकरमध्ये तत्त्व एकच आहे, फक्त फासे नाहीत.

पुढच्या आठवड्यात याच रानातला राखी रानकोंबडा घेऊ. त्याच्या मानेवरच्या पिसांपायी विलायतेतल्या मासेमारांनी त्याला किती छळलं, ती हकीकत आवाजाइतकीच लांबलचक आहे.