मुद्दाम आणलेली धडधड

पॅनिक अटॅकमध्ये छाती धडधडते, श्वास कोंडतो, हातापायांना मुंग्या येतात आणि हा हार्ट अटॅकच आहे अशी रुग्णाची खात्री होते. धावतपळत दवाखाना गाठावा, तर ईसीजी नॉर्मल. ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ हे अशा वेळी मिळणारे उत्तर निर्दय आहे आणि चुकीचेही. शरीरात खरोखर बरेच काही घडलेले असते.

घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि घेरी येते. मेंदूतला इन्सुला हा भाग शरीरातली अशी प्रत्येक हालचाल टिपत असतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडले, की या संवेदनांचा ‘आता मी मरणार’ असा अर्थ लावला जातो आणि तिथे झटका भडकतो. भीतीने धडधड वाढते. वाढलेली धडधड भीतीला पुरावा पुरवते.

अमेरिकेत डेव्हिड बार्लो आणि मिशेल क्रॅस्क यांनी विकसित केलेल्या उपचारात हीच लक्षणे मुद्दाम आणली जातात. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गर्भारपण नाही ना, हे आधी तपासले जाते. मग फिरत्या खुर्चीत गरागरा फिरणे, नाक दाबून स्ट्रॉमधून श्वास घेणे, जागच्या जागी धावणे. अनेकांना सर्वांत अवघड जातात ते वेगाने, खोल श्वास घेण्याचे 60 सेकंद.

खरी कसोटी मात्र ते 60 सेकंद संपल्यावर लागते. रुग्णाचा हात आपसूक पाण्याच्या बाटलीकडे, खिशातल्या गोळीकडे, नाहीतर स्वतःच्या नाडीकडे जातो. थेरपिस्ट तेवढेच करू देत नाही. हे क्रौर्य वाटते, पण उपचार याच क्षणात आहे. घोटभर पाणी प्यायले, की पाण्यामुळे वाचलो एवढेच मनात ठसते. काहीही न करता धडधड ओसरली, तर वाचवण्यासारखे काही घडतच नव्हते हे उमगते. भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि पुन्हा 60 सेकंद. फेऱ्या वाढतात तशा मुंग्या पहिल्याइतक्याच येतात, गुण मात्र हळूहळू उतरू लागतात.

‘शांत हो, अंग सैल सोड’ हा प्रेमाने दिलेला सल्ला इथे तोकडा पडतो. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या एका विश्लेषणात ही लक्षणे अनुभवायला लावणारा भाग गुणकारी ठरला. स्नायू शिथिल करण्याचे व्यायाम मागे पडले.

सरावाचा मोठा हिस्सा खोलीबाहेर होतो. धडधडेल म्हणून सोडलेले जिने, टाळलेली कॉफी, गर्दीची लोकल हे सारे टप्प्याटप्प्याने परत सुरू करायचे असते, आणि तेही पाण्याची बाटली घरी ठेवून.