शास्त्रातले ग्रीक पाहुणे : 'आयसो' – सारखं, पण कशात?

मागच्या आठवड्यातला 'टेली' सरळमार्गी होता. जिथे जाईल तिथे अर्थ एकच, 'दूर'. आजचा 'आयसो' थोडा आडवळणाचा आहे. ग्रीक 'इसोस' म्हणजे समान. पण दोन गोष्टी सगळ्याच बाबतींत समान असत्या, तर त्यांच्यासाठी वेगळी संज्ञा कोण कशाला घडवेल? म्हणून 'आयसो'चा शब्द भेटला की दोन प्रश्न विचारावेत : सारखं काय, आणि मग वेगळं काय? पहिल्याचं उत्तर शब्दाच्या उत्तरार्धात मिळतं. दुसऱ्याचं शब्दात नसतंच, आणि खरी मजा तिथेच असते.

'आयसोटोप'च घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किरणोत्सर्गाच्या अभ्यासकांची मोठी पंचाईत झाली होती. शिसं ते युरेनियम या टप्प्यात चाळीसच्या आसपास नवी 'मूलद्रव्यं' हाती लागली होती आणि आवर्तसारणीत तिथे घरं होती जेमतेम डझनभर. शिवाय त्यांतली काही एकमेकांत मिसळली की कुठल्याच रासायनिक क्रियेने वेगळी होत नव्हती. त्यांतलं आयोनियम थोरियममध्ये गेलं की गेलंच. ग्लासगो विद्यापीठातल्या फ्रेडरिक सॉडींनी सरळ निष्कर्ष काढला : ही निराळी मूलद्रव्यं नव्हेतच. अणूंची वजनं निराळी, किरणोत्सर्ग निराळा, पण सारणीतलं घर एकच.

या कल्पनेला नाव दिलं ते मार्गारेट टॉड यांनी. या बाई डॉक्टर होत्या आणि टोपणनावाने कादंबऱ्याही लिहीत. सॉडींच्या सासऱ्यांकडे जेवणाच्या वेळी विषय निघाला आणि त्यांनी ग्रीक 'टोपोस', म्हणजे जागा, सुचवला. १९१३च्या डिसेंबरमध्ये 'नेचर'मध्ये तो शब्द छापून आला. सॉडींना पुढे १९२१चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. टॉडबाई मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतात. आपला 'समस्थानिक' हा त्यांच्याच शब्दाचा मराठी अवतार. परीक्षेपुरता तो सगळ्यांना पाठ असतो, पण हे 'स्थान' म्हणजे आवर्तसारणीतलं स्थान, हे शिकवताना बहुधा राहूनच जातं.

एकाच घरात राहण्याचा परिणाम साधासुधा नाही. नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ वजनाचे अणू ०.७ टक्क्यांच्या आसपास, बाकी जवळजवळ सगळे २३८चे. रसायनाच्या लेखी दोन्ही जवळपास एकच, म्हणून त्यांना वेगळं करायला वजनातल्या किरकोळ फरकाचाच आधार घ्यावा लागतो. वायुरूप संयुग प्रचंड वेगाने फिरवणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं लागतात ती याचसाठी.

न्यूट्रॉनांची संख्या सारखी असलेल्या अणूंना 'आयसोटोन' म्हणतात. तिथे ग्रीक धातू शोधू नका. १९३०च्या दशकात 'आयसोटोप'मधला 'प' प्रोटॉनचा मानून काढला आणि तिथे न्यूट्रॉनचा 'न' बसवला, एवढीच त्याची व्युत्पत्ती. शास्त्रज्ञांचा हा चावटपणा मला आवडतो.

'आयसोमर' हा शब्द रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसचा, १८३०चा. 'मेरोस' म्हणजे भाग. घटक तेच, तेवढेच, फक्त मांडणी निराळी. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांपैकी वोलरचं सिल्व्हर सायनेट शांत होतं आणि लीबिगचं सिल्व्हर फुल्मिनेट जरा धक्का लागला की फुटायचं. पृथक्करण केलं तर दोन्हींत चांदी, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन अगदी त्याच प्रमाणात! त्याहून सौम्य जोडी आपल्या स्वयंपाकघरात आहे. बाळंतशोपांतलं कार्वोन आणि पुदिन्यातलं कार्वोन ही एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. अणू तेच, जोडणीचा क्रमही तोच, पण नाकाला फरक लगेच कळतो. सॅनिटायझरच्या बाटलीवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमधला 'आयसो'ही याच कुळातला.

नकाशांवरचा 'आयसो' आणला निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टने. १८१७मध्ये त्याने सारख्या सरासरी तापमानाची ठिकाणं रेषेने जोडली आणि दिसलं की या समताप रेषा अक्षवृत्तांना जुमानत नाहीत. पश्चिम युरोप त्याच अक्षांशावरच्या पूर्व अमेरिकेपेक्षा उबदार आहे. सारख्या पावसाची रेषा ती 'आयसोहाइट'. सह्याद्रीवर या रेषा एकमेकींना अगदी खेटून जातात, कारण महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस घाट उतरून वाईला पोचेपर्यंत कितीतरी पटींनी आटतो.

'आयसोबार'पाशी मात्र सावध राहावं. 'बारोस' म्हणजे वजन, भार. हवामानवाल्यांसाठी तो हवेचा दाब, अणुशास्त्रात अणूचा वस्तुमानांक. शब्द एक, खाती दोन.

आणि कोविडच्या काळात घरोघरी पोचलेलं 'आयसोलेशन'? ते या घराण्यातलं नव्हेच. त्याचं मूळ लॅटिन 'इन्सुला', म्हणजे बेट. इटालियनमध्ये त्याचं 'इसोला' झालं आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत शिरलं.