कॅमेऱ्यासाठी पावसाळ्याची बेगमी

आज वही-पेन जवळ घेऊन बसा, थोडा हिशेब मांडायचा आहे.

गटाच्या शेळ्यांचा गोठा, कोंबड्यांची शेड, कांद्याची चाळ बऱ्याचदा गावाबाहेर रानात असते. तिथे शेतीची लाईट पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. एक शेळी चोरीला गेली तरी कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून आपल्यातल्या अनेकजणी विचारतात, रानात सोलरवर कॅमेरा चालेल का?

चालेल. पण उन्हाळ्याच्या हिशेबाने घेतलेलं सोलर आषाढात तोकडं पडतं. पावसाळ्यापूर्वी आपण पापड, डाळी, सरपण भरून ठेवतो ना? तशीच कॅमेऱ्याचीही बेगमी करावी लागते.

आधी कॅमेरा किती खातो ते पाहू. चोवीस तास चालू राहणारा छोटा वायफाय कॅमेरा सरासरी २ वॅट घेतो असं धरू. रात्री त्याचे न दिसणारे दिवे लागतात, तेव्हा तो जास्त खातो. २ वॅट गुणिले २४ तास म्हणजे ४८. हे ४८ वॅट-तास झालं त्याचं रोजचं खाणं. नेटसाठी वेगळा राउटर लावणार असाल, तर त्याचंही खाणं यात मिळवा.

आता बॅटरी. बॅटरी म्हणजे आपला रांजण. झडीच्या पावसात तीन दिवस ऊन दिसलं नाही तरी पुरलं पाहिजे. ४८ गुणिले ३ म्हणजे १४४ वॅट-तास. पण रांजण तळापर्यंत खरवडायचा नसतो. गाडीत असते तशी शिसं-आम्लाची बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली नेली की लवकर मरते. म्हणून ती दुप्पट मोठी लागते, १२ व्होल्टची साधारण २४ ते २६ अँपिअर-तासांची. लिथियम फॉस्फेटची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणून ती १५ अँपिअर-तासांची पुरते. ती महाग पडते, पण हलकी असते आणि जास्त वर्षं टिकते.

तिसरं, पॅनल. पॅनल म्हणजे रांजण भरणारा नळ. चांगल्या उन्हाच्या दिवसांत आपल्याकडे जवळपास पाच तासांचं पूर्ण ऊन मिळतं, असा हिशेब धरतात. भर पावसाळ्यात दोनच तास धरा. शिवाय धूळ, उष्णता आणि वायर यांत तीस टक्के वाया जातं असं समजा. मग उन्हाळ्यात १५-२० वॅटचा पॅनल भागवतो, पण पावसाळ्यात ३५ वॅट लागतात. म्हणून ४० वॅटचा घ्या. कोकणात, घाटमाथ्यावर त्याहूनही मोठा.

पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तो बॅटरीला जास्त भरू देत नाही आणि पार रिकामीही होऊ देत नाही. आपली बॅटरी ज्या जातीची, त्याच जातीला तो चालतो का, हे विचारून घ्या. जोडताना आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. काढताना उलट, आधी पॅनल. लाल वायर अधिकला, काळी उणेला. बॅटरीजवळ फ्यूज लावा. बॅटरी पत्र्याच्या तापणाऱ्या पेटीत ठेवू नका. ती सावलीत, हवेशीर आणि उंदरांपासून दूर ठेवा.

बहुतेक छोटे कॅमेरे ५ व्होल्टवर चालतात. पण ५ व्होल्टची बारीक वायर लांबवर ओढली, तर वाटेतच दाब कमी होतो. मग दिवसा ठीक चालणारा कॅमेरा रात्री दिवे लागले की बंद-चालू होत राहतो. म्हणून लांबचं अंतर १२ व्होल्टच्या जाड वायरनं पार करा आणि ५ व्होल्ट करणारा चार्जर कॅमेऱ्याजवळच लावा. गाडीत मोबाइलसाठी लावतात, तसाच तो असतो. पावसापासून तोही झाकून ठेवा.

पॅनलचं तोंड दक्षिणेला हवं. पॅनल दोन-सव्वादोन फूट लांब असेल, तर वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा एक वीत उंच ठेवा. एवढा उतार महाराष्ट्रात बरोबर बसतो आणि पावसानं धूळही वाहून जाते. बाभळीच्या एका फांदीची सावली पडली तरी सगळ्या पॅनलची वीज बरीच घटते, कारण आतल्या चकत्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. काच सकाळी गार असतानाच पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

हालचाल झाली की जागे होणारे, आत बॅटरी असलेले कॅमेरेही मिळतात. एरवी ते झोपलेले असतात, म्हणून त्यांना छोटा पॅनल पुरतो. पण त्यांचं तोंड शेळ्यांकडे केलं, तर शेळ्या हलल्या की तो जागा होणार आणि रात्रभरात बॅटरी संपवणार. तो दाराकडे, वाटेकडे रोखा.

कॅमेरा राखण सोपी करतो, पण तो दार लावत नाही. जुन्नर-आंबेगावसारख्या ऊसपट्ट्यात बिबट्याला अडवायला चारही बाजूंनी आणि वरूनही बंद असलेला मजबूत गोठाच लागतो.

शेवटची गोष्ट, आणि ती वॅटच्या हिशेबाइतकीच महत्त्वाची. कॅमेऱ्याचा मोबाइल कोणाच्या हातात? शेळ्या गटाच्या, पैसा गटाचा, मग पासवर्डही गटाच्या दोघीतिघींकडेच असावा. पेटीतून आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. कॅमेऱ्याचं तोंड शेजारणीच्या अंगणाकडे, न्हाणीकडे किंवा बायकांच्या पाणवठ्याच्या वाटेकडे नको. गोठा राखताना कोणाची लाज उघडी पडता कामा नये.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत चार आकडे वहीत मांडा: कॅमेरा किती वॅटचा, रोजचे वॅट-तास किती, बिनउन्हाचे दिवस किती धरायचे, आणि पॅनल किती वॅटचा. खाली दोघींच्या सह्या घ्या आणि मगच दुकानाची पायरी चढा. दुकानदार छोटा पॅनल पुढे करू लागला, तर वही उघडून विचारा, "दादा, हा आषाढात पुरेल का?"